जीपचा शत्रू : गंज

मुलांनो, आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर एखाद्या वाडीत, माडाखाली उभी असलेली जुनी जीप तुम्ही पाहिली आहे का? टायर बसलेले, पत्र्याला भोकं आणि सीटवर कोंबडी! "भंगारात द्या," असं कुणीही म्हणेल. पण घरच्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं काम करून अशी गाडी पुन्हा चालती करणारे हौशी लोकही असतात.

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात. विलीज कंपनीची 'एमबी' जीप १९४१ ते १९४५ या काळात सैन्यासाठी बनत होती. जीपमध्ये एक दांडी ओढली की इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, म्हणून ती चिखलातूनही निघते. पुढे महिंद्र कंपनीनं मुंबईत विलीजच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात केली आणि जीप गावोगाव पोचली.

चिखलाला न घाबरणारी ही गाडी गंजापुढे मात्र हरते. पाणी आणि प्राणवायू मिळाला की लोखंड गंजतं. पाण्यात मीठ असेल, तर ही क्रिया फार वेगानं होते. करून बघा! एक खिळा साध्या पाण्यात ठेवा, दुसरा मिठाच्या पाण्यात. रोज पाहा आणि वहीत नोंद करा. आपल्याकडचा खारा वारा पत्र्याला तेच करतो.

म्हणून काम सुरू होतं ते चासीपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून. हातोडीनं हलकेच ठोकायचं. टणटण वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, की समजावं, गंजानं आतून खाल्लंय! ते वेल्डिंग जाणत्या कारागिरानंच करायचं. बाकीचा गंज खरवडून लगेच रेड ऑक्साइडचा हात द्यायचा. उद्यावर ढकललं, तर खारा वारा पुन्हा गंज चढवतो. मग ब्रेक, आणि चकचकीत रंग सगळ्यात शेवटी.

इथेच एक मोह होतो. मोठं इंजिन बसवू, रुंद टायर लावू! पण जुन्या जीपचे ब्रेक तिच्या मूळ वजनाला आणि वेगाला पुरतील एवढेच असतात. वेग वाढला आणि ब्रेक तेच राहिले, तर गाडी थांबणार कशी? मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच सांगितलं. उलट, २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात. म्हणून पालकांनो, पाना हातात घेण्याआधी पेणच्या आरटीओत चौकशी करा.

आणि मुलांनो, तुमचं काम? सुटे झालेले नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची. चाकाचे नट कुठले, दाराचे कुठले, हे सहा महिन्यांनी त्या चिठ्ठ्याच सांगणार आहेत. तेव्हा अक्षर सुवाच्य हवं हं!