खंजिरी जपानला गेली, ऑक्टोपॅड वडशाला आला

रात्रीचे दोन वाजून गेलेत. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत शामियाना उभा आहे. रंगमंचावर खलनायक म्हाताऱ्या बापाची गचांडी धरतो आणि हात उगारतो. तो हात गालापर्यंत पोचायच्या आत, मंचासमोर खाली बसलेला एक पोरगा हातातली काडी काळ्या रबरी चौकोनावर टाकतो. फाडकन आवाज होतो आणि भोंग्यातून साऱ्या शिवारात जातो. गालाला बोटही लागलेलं नसतं, तरी गोधडी पांघरून बसलेल्या बाया तोंडावर पदर घेतात.

त्या पोरापुढच्या यंत्राला ऑक्टोपॅड म्हणतात. चार-चारच्या दोन ओळींत आठ रबरी पॅड, त्यावर मारायला दोन काड्या. शेजारी कॅसिओ, त्यालगत तबला-ढोलकी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हा वाद्यवृंद.

पॉप आणि रॉक संगीताच्या इतिहासातले 'सोनेरी क्षण' मोजायला बसलं की ठरावीक यादी निघते. 9 फेब्रुवारी 1964 ला अमेरिकेच्या टीव्हीवर बीटल्स दिसले. 1969 च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या चिखलात लाखो तरुण जमले. 13 जुलै 1985 ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानात 'लाइव्ह एड'च्या मंचावर फ्रेडी मर्क्युरीने अवघं मैदान बोटावर नाचवलं. हा फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढलेला, म्हणून मराठी माणसाला त्याचं जरा जास्त कौतुक.

या यादीत चंद्रपूर-गडचिरोलीला जागा नाही. पण त्याच 1985 मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने 'पॅड-8' नावाचं एक यंत्र बाजारात आणलं. आजच्या ऑक्टोपॅडचा तो पूर्वज. झाडीपट्टीच्या कानांपुरतं बोलायचं, तर वेम्ब्लीतल्या त्या संध्याकाळपेक्षा या आठ रबरी चौकोनांनी जास्त उलथापालथ केली.

खंजिरीचं राज्य

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा जंगलाचा आणि धानाचा पट्टा. इथल्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो, 'ण'चा 'न' होतो आणि दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडार आणि खडी गंमत या इथल्या जुन्या करमणुकी. पण जमावाच्या गळ्यात बसणारं, एकाने म्हणावं आणि हजारांनी उचलावं असं गाणं या मुलखाला विसाव्या शतकात दिलं ते तुकडोजी महाराजांनी. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या महाराजांचा चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरच्या आसपासच्या जंगलांशी तरुणपणापासून संबंध होता.

त्यांचं वाद्य खंजिरी. लाकडाचं हातभर घेराचं कडं, एका तोंडाला मढवलेलं कातडं, कडेच्या खाचांत पितळी चकत्या. हिला ना सूर लावावा लागतो, ना बसायला बैठक. एका हाताच्या मुठीत धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची आणि गात-गात चालू लागायचं. चाल सोपी, ओळ आखूड, धृपद असं की दुसऱ्या खेपेला पोरंसोरंही म्हणतील. मराठीइतक्याच सहजतेने महाराज हिंदीतही रचत. अभिजनांच्या बैठकीबाहेरच्या माणसाला लगेच गाता येणारं, पायी चालून पसरणारं हे गाणं म्हणजे लोकप्रिय संगीतच. त्याला पॉप म्हणायची आपल्याला सवय नाही, एवढंच.

या गाण्याची ताकद सरकारच्या ध्यानात आली 1942 मध्ये. ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि 16 ऑगस्टला चिमूर पेटलं. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा बळी पडला, संतापलेल्या जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक करून पुढे नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आलं. हातात बंदूक नव्हती, खंजिरी होती. पुढे अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात गाण्यांनी सरकारला घाम फोडला, त्याच्या पाव शतक आधीची ही गोष्ट.

1955 साली महाराज जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. खंजिरी सोबत होतीच. त्याच वर्षी अमेरिकेत बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि रॉक अँड रोल घराघरात शिरलं. त्याच वर्षी, ज्या जपानमध्ये ही खंजिरी वाजली तिथल्या एका छोट्या कंपनीने आपला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला काढला. ही कंपनी म्हणजे पुढची सोनी. गाणं आता खिशात मावणार होतं आणि ते मावेल अशी यंत्रं जपानमध्ये बनणार होती.

आवाजाची भाकरी स्वस्त झाली

मधल्या काळात झाडीत दोन गोष्टी आल्या. आधी भोंगा आणि माईक. पेट्रोमॅक्सच्या उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्या नटाच्या डोक्यावर आता माईक लटकू लागला. त्यामागून आली कॅसेट.

फिलिप्सने 1963 मध्ये कॅसेट आणली. आपल्याकडे तिचा सुकाळ झाला ऐंशीच्या दशकात. तोवर रेकॉर्ड काढायची म्हणजे एचएमव्हीसारख्या बड्या कंपनीची मर्जी लागे. कॅसेटने ती मक्तेदारी मोडली. थोड्या भांडवलात गाणं भरता येऊ लागलं, चौकातल्या टपरीवर विकता येऊ लागलं. याचा सर्वांत मोठा फायदा झाला तो भीमगीतांना. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या तारखेच्या सुमारास चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून पोचवलेली गाणी, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमपांचे आवाज या गर्दीतून कॅसेटच्या रूपाने पिशवीत पडून आडगावी पोचले. रेडिओवर कुठलं गाणं लागायचं ते रेडिओ ठरवी. कॅसेट कुठली घ्यायची ते घेणारा ठरवू लागला.

मंचासमोरचा खड्डा

आता नाटकाकडे वळू. मराठी संगीत नाटकाची गादी ऑर्गनची. झाडीतही तीच रीत आली. ऑर्गन किंवा पेटी, जोडीला तबला, आणि नटाने स्वतः गायचं. पण झाडीच्या नाटकाला शहरी नाटकापेक्षा निराळी भूक आहे. इथला प्रयोग रात्री नऊ-दहाला उघडतो आणि पहाटे संपतो. त्यात कौटुंबिक रडारड हवी, विनोद हवा, मारामारी हवी, लावणी हवी. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहून आलेला, पाहुण्यांनी भरलेल्या घरातून उठून आलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत जागा ठेवायचा आहे. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, सोयरिकी जुळवायची हीच वेळ, आणि तिकीट काढून आलेला माणूस पैसे वसूल झाल्याशिवाय उठत नाही.

एकट्या ऑर्गनला हे पेलत नव्हतं. विजेचा कडकडाट, दाराची कडी, छातीची धडधड, विनोदी नट पाय घसरून पडतो तेव्हाचा तो घरंगळता आवाज: हे सगळं करणारा माणूस हवा होता. तो माणूस जपानमधून खोक्यात येणार होता.

कॅसिओ ही कंपनी मुळात गणकयंत्रं बनवणारी, 1957 साली स्थापन झालेली. 1980 मध्ये तिने 'कॅसिओटोन 201' हा आपला पहिला कीबोर्ड काढला. सिंथेसायझर त्याआधीही होते, पण ते स्टुडिओवाल्यांना परवडणारे. कॅसिओने किंमत घरगुती पातळीवर आणली. एका बोटाने दाबलं की बासरी, दुसऱ्या बटनाने व्हायोलिन, तिसऱ्याने तयार ठेका. भारतात कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डाला 'कॅसिओ'च म्हणतात, ते उगाच नाही.

या स्वस्त पेटीने जगाच्या दुसऱ्या टोकालाही असाच चमत्कार केला. 1981 च्या 'एमटी-40' या मॉडेलसाठी हिरोको ओकुदा या तरुण मुलीने 'रॉक' नावाचा एक तयार ठेका बसवला. कंपनीत ती नुकतीच लागली होती. 1985 मध्ये जमैकाच्या किंग्स्टन शहरात वेन स्मिथ या गायकाच्या 'अंडर मी स्लेंग टेंग'साठी निर्माता किंग जॅमीने तोच ठेका वापरला आणि रेगे संगीताची चालच बदलून गेली. ठेका दिला टोकियोतल्या नोकरदार मुलीने, त्याचं सोनं केलं किंग्स्टनच्या गल्लीने.

नवं यंत्र हाती आलं म्हणजे इतिहास घडतो असं मात्र नाही. मुंबईतले चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडची अगदी नवी यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली आणि ती पडली. पुढे शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' नावाने गाजलेल्या संगीताच्या काही वर्षं आधी जवळपास तसाच आवाज मुंबईत निघाला होता, हे जगाला 2010 च्या सुमारास उमगलं. सिंगांचं वाद्य नवं होतं, कान पक्के होते. पण त्या आवाजाला लागणारं काम त्या दिवसांत मुंबईत कुठे नव्हतं.

झाडीत काम तयार होतं. यंत्र यायचा अवकाश होता. मंचासमोर वादक बसतात त्या खड्ड्यात कॅसिओ आला, मागून ऑक्टोपॅड आला. पहिल्या पॅड-8 मध्ये स्वतःचा आवाजच नव्हता, त्याला दुसरं यंत्र जोडावं लागे. नंतरच्या एसपीडी-20 सारख्या मॉडेलांत तबल्यासह शेकडो आवाज पोटातच आले. मग एकाच पोराच्या दोन काड्यांत ढोलकी, ड्रम, मेघगर्जना आणि थप्पड असं सगळं सामावलं. त्याने संहिता पाठ केलेली नसते. त्याची नजर नटाच्या खांद्यावर असते. खांदा हलला की काडी उचलायची. हा अंदाज चुकला तर थप्पड आधी वाजते, हात नंतर पोचतो आणि शोकांतिकेत हशा पिकतो. म्हणून नाटक कंपनीत गायकाइतकाच भाव चांगल्या पॅडवाल्याला असतो.

पेटीवाल्यांचा राग

अर्थात हे सगळ्यांना गोड लागलं नाही. कॅसिओने ऑर्गन मारला, पॅडने तबला मारला, ही तक्रार झाडीतले जुने रसिक आजही करतात. तिच्यात तथ्य आहे. पायपेटीचा भाता भरताना उमटणारा तो श्वास यंत्रात नाही.

पण तक्रारीचा इतिहासही पाहावा. ज्या पेटीसाठी आज गळा काढतो, तिच्यात मींड निघत नाही, ती परदेशी आहे असं म्हणत 1940 मध्ये आकाशवाणीने तिला दार बंद केलं. ते किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. 25 जुलै 1965 ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने साधी गिटार ठेवून विजेची गिटार घेतली, तेव्हा त्याच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. आज तो प्रसंग रॉकच्या इतिहासात मैलाचा दगड म्हणून सांगतात.

झाडीपट्टीने या वादात आपला मार्ग काढला. ढोलकी गेली नाही. लावणीला खरी ढोलकीच लागते, पॅडवर लावणीवाली नाचत नाही. करुण प्रसंगाला कॅसिओतलं व्हायोलिन, मारामारीला पॅड, नांदीला पेटीचा सूर अशी कामाची वाटणी झाली. जुन्यानव्याचा निवाडा व्यासपीठावरच्या भाषणात लागला नाही, रोज रात्रीच्या तिकीटबारीवर लागला.

वडशाची स्टेशनगल्ली

या सगळ्याची राजधानी देसाईगंज, म्हणजे वडसा. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे स्टेशन, आणि कित्येक दशकं अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याची रेल्वे म्हणजे एवढीच. त्यामुळे नट, वादक आणि सामान उतरवायला हीच जागा. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथेच वसली. हंगामात गावोगावची मंडळं इथे येऊन प्रयोग ठरवतात. 2023 मध्ये कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने या रंगभूमीचं नाव ऐकलं. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा चित्रपट तिच्यावर येऊन गेला होता.

आता पुढची लाट आली आहे. छत्तीसगड-नागपूरकडची धुमाल ही वाजंत्री गाडीवर कॅसिओ आणि पॅड चढवून वरातीत घुमते. गोंडी गाणी डीजेच्या ठेक्यावर मोबाइलमधून फिरतात. त्यातली कुठली टिकेल, हे पुन्हा तेच ठरवेल: तिला इथे काम लागतं की नाही.

पहाटे चारच्या सुमाराला नाटकात बहुधा एखादं भजन येतं. गावकरी जमलेत, कोणी महाराज आलेत, असा प्रसंग. मंचावरच्या नटाच्या हातात खंजिरी असते, पण ती पुठ्ठ्याची असली तरी चालतं. खाली बसलेला पोरगा बटन फिरवून आवाज बदलतो आणि कडेच्या पॅडवर काडीचं टोक हलकेच थरथरवतो. पितळी चकत्या छनछनतात. 1955 मध्ये मुठीत धरून नेलेली खंजिरी जपानने रबराच्या एका चौकोनात घालून परत पाठवली आहे. सतरंजीवरचे म्हातारे डुलू लागतात, मागून टाळ्यांचा ठेका येतो. दोन ओळींनंतर भजन नटाचं राहत नाही, सगळा शामियानाच ते म्हणायला लागतो.