साताऱ्याच्या आसमंतांतील कलादर्शन

साताऱ्यास कोणी पाहुणा आला म्हणजे आपण त्यास अजिंक्यतारा दाखवितों, सज्जनगडाची वाट सांगतों. आणि चित्रें-शिल्पें पाहण्याची त्यास हौस असल्यास "त्यासाठीं मुंबईच गांठली पाहिजे" असें म्हणून मोकळे होतों. हा समज चुकीचा आहे, हें दोनच स्थळांच्या साह्यानें सांगावयाचें आहे.

पहिलें मेणवली. वाईपासून तीनएक किलोमीटरवर, कृष्णेच्या कांठीं नाना फडणविसांचा वाडा आहे व त्याच्या भिंतींवर पेशवाईंतील रंगीत चित्रें आहेत. हीं चित्रें भिंतीचाच भाग. भिंतींत ओल शिरली कीं चित्रही गेलें. तेव्हां जीं उरलीं आहेत तीं पाहण्यास विलंब करूं नये. घाटावर १७३९ सालच्या वसईच्या विजयानंतर आणलेली, ख्रिस्ती मंदिरांतील घंटा आहे. तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृति आहे.

माता आणि बालक हाच विषय औंधास अगदीं निराळ्या रूपांत भेटतो. साताऱ्यापासून सुमारें ४० किलोमीटरवर, यमाईच्या डोंगराच्या चढणीवर, बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं श्रीभवानी संग्रहालय उभारिलें. हे राजे स्वतः चित्रकार होते. तेथें रविवर्मा व धुरंधर यांच्या चित्रांपुढें लोक रेंगाळतात, कारण त्यांतील कथा आपणांस ठाऊक असते. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या 'माता व बालक' या पाषाणशिल्पापुढें मात्र कोणी थांबत नाहीं.

मीही थांबत नसें. एकदां विद्यार्थ्यांस घेऊन गेलों असतां "हा दगड अर्धवटच राहिला आहे" असें मीं सांगून टाकिलें. त्यावर एक मुलगा म्हणाला, "पण मास्तर, ही आई आहे हें कळतें कीं!" मीं त्यास गप्प बसविलें. त्याचेंच खरें होतें, हें पुढें वाचनानें उमगलें. पूर्वीं पुष्कळ शिल्पकार मातीचा नमुना करीत व कारागीर मापें घेऊन तो संगमरवरांत उतरवीत. मूर व त्याचे कांहीं समकालीन शिल्पकार स्वतः छिन्नी घेऊन दगडास भिडले. दगडानें कातडीचें सोंग घेऊं नये, त्याचें दगडपण दिसावें, असा त्यांचा आग्रह. म्हणून डोळे, बोटें, केस यांचा तपशील गळतो आणि दोन देहांची जवळीक तेवढी उरते. असें शिल्प एका जागीं उभें राहून कळत नाहीं. जेवढें फिरतां येईल तेवढें भोंवतीं फिरावें, प्रकाश कोठून पडतो तें पाहावें. मला हें कळावयास निवृत्तीचें वय यावें लागलें. त्या मुलास तें एका दृष्टिक्षेपांत कळलें होतें.

एक व्यावहारिक सूचना. बहुतेक मंडळी देवीचें दर्शन घेऊन उतरतांना संग्रहालयांत शिरतात. तोंवर पाय दुखत असतात, मुलें कंटाळलेलीं असतात, आणि सारीं दालनें पाऊण तासांत उरकलीं जातात. तरी संग्रहालय चढतांनाच पाहावें.