रेनडिअरच्या पोटातील बिऱ्हाडकरू

गोड्या मसाल्यात घालतात ते दगडफूल तुम्ही पाहिले असेलच. काळपट, सुरकुतलेले, वाळक्या पाकळ्यांसारखे दिसणारे हे फूल मुळी फूलच नव्हे! ते आहे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार. आपण ते चिमूटभर वापरतो, तेही वासापुरते. पण नॉर्वेपासून सैबेरियापर्यंतच्या थंड प्रदेशात एक प्राणी हिवाळ्यात मुख्यतः शैवाकांवरच गुजराण करतो. तो म्हणजे रेनडिअर.

तिकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. हिरवे गवत कोठले मिळणार? रेनडिअर वासाने माग काढतो, खुरांनी बर्फ उकरतो आणि खालची शैवाके खातो. मात्र या अन्नात दोन खोडी आहेत. एक तर त्यात प्रथिने अगदी थोडी. दुसरे म्हणजे, अनेक शैवाकांत अस्निक आम्ल नावाचे विषारी द्रव्य असते.

हे विष किती घातक? २००४ साली अमेरिकेतील वायोमिंग राज्यात वापिटी जातीची तीनशेहून अधिक हरणे मेली. त्यांच्या पायांतील बळ गेले, त्यांना उभेही राहता येईना. जमिनीवर वाढणारे एक शैवाक त्यांनी खाल्ले होते. या शैवाकाची सवय नसलेल्या त्या हरणांच्या पोटात ते पचविणारे जीवाणू नसावेत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

मग रेनडिअर कसा तगतो? उत्तर त्याच्या पोटात आहे.

गाईप्रमाणे रेनडिअरही रवंथ करणारा प्राणी. त्याच्या जठराला चार कप्पे असतात. पहिला कप्पा म्हणजे एक अंधारी, उबदार टाकीच! तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो आणि तापमान सुमारे ३९ अंश असते. बाहेर उणे ४०, आत ३९. म्हणजे मध्ये केवळ कातडी, केस आणि थोडे मांस, आणि फरक मात्र ७९ अंशांचा! या टाकीतील रसाच्या एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जीवाणू राहतात. ते चारा आंबवितात. त्यातून तयार होणारी आम्ले हेच रेनडिअरचे इंधन. आंबताना उष्णता निघते, तीही थंडीत उपयोगी पडते.

नॉर्वेतील ट्रॉम्सो विद्यापीठात मोनिका सुन्डसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनडिअरना अस्निक आम्ल असलेली शैवाके खाऊ घातली. नंतर पोटातील रस व मल तपासला. आम्लाचा मागमूसही नव्हता! पहिल्या कप्प्यातच जीवाणूंनी त्याचा निकाल लावला होता. २००८ साली त्यांनी असा एक जीवाणू वेगळा काढला की, जो या आम्लातही खुशाल वाढतो. त्याचे नाव युबॅक्टेरियम रँजिफेरिना.

प्रथिनांचे काय? आपले शरीर युरिया मूत्रावाटे टाकून देते. हिवाळ्यात रेनडिअर मात्र बराच युरिया लाळेतून व रक्तातून पुन्हा पहिल्या कप्प्यात पोहोचवितो. जीवाणू त्यातील नायट्रोजन घेऊन स्वतःची प्रथिने बनवितात. पुढच्या कप्प्यांत हे जीवाणूच पचविले जातात. असे हे बिऱ्हाडकरू भाडेही देतात आणि शेवटी स्वतःच जेवण होतात!

परंतु या व्यवस्थेला आता धोका आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये सैबेरियाच्या यमाल द्वीपकल्पात बर्फावर पाऊस पडला, तो गोठला आणि कुरणांवर जाड बर्फाचे झाकण बसले. खुरांनी ते फुटेना. त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडिअर उपाशी मेले.

‘मग त्यांना गवत, धान्य घालावे,’ असे तुम्ही म्हणाल. पण प्रत्येक चाऱ्याचे जीवाणू वेगळे. चारा बदलला की पोटातील जीवाणूंची वस्ती बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. उपाशी जनावराला एकदम भरपूर धान्य घातले, तर पोटात आम्ल साचून ते दगावू शकते. म्हणून पाळलेल्या कळपांना नवा चारा आधीपासून, थोडा थोडा वाढवीत द्यावा लागतो. चारा रेनडिअरच्या तोंडी घालायचा खरा, पण तो आधी त्या बिऱ्हाडकरूंना मानवायला हवा.