पौडच्या रस्त्यावरचा बुडालेला हंगाम

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेस निघालेला रस्ता भूगाव, पिरंगुट ओलांडून मुळशी तालुक्याच्या कचेरीचे गाव जे पौड तेथे येतो, आणि पुढे मुळशी धरणाच्या काठाकाठाने जाऊन ताम्हिणी घाटातून माणगावास उतरतो. आषाढ-श्रावणात दर शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोटारींची जी रीघ लागते, तिच्यावर वाटेतल्या किती घरांच्या चुली चालतात हे एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही. २०२० च्या पावसाळ्यात ती रीघ एकाएकी खुंटली, तेव्हा ते प्रकर्षाने जाणवले.

महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले, आणि ते दुबईची सहल करून परतलेल्या मंडळींपैकी होते. साथ प्रवासाच्या वाटेने आली, म्हणून पहिला घावही प्रवासावरच पडला. प्लेगच्या धामधुमीत १८९७ साली झालेला साथरोग कायदा मार्चच्या मध्यास राज्यात पुन्हा अमलात आला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली.

पाहुणे उतरवून घेण्याच्या धंद्याचे एक मर्म असे की त्याचा माल साठवता येत नाही. कापडाचे ठाण आज विकले गेले नाही तर उद्या विकता येते. परंतु रिकामी गेलेली खोलीची रात्र कायमची गेली. त्यातही मुळशीकडची बरकत मुख्यतः पावसाच्या तीन महिन्यांची. ८ जुलै २०२० पासून राज्यातील निवासगृहांना एकतृतीयांश खोल्या उघडण्याची परवानगी मिळाली खरी. पण पावसाळी पर्यटनस्थळी जाण्यास जिल्हा प्रशासनाची मनाई होती, १४ ते २३ जुलै पुणे व पिंपरी-चिंचवड पुन्हा बंद झाले आणि जिल्ह्याबाहेर जाण्यास सप्टेंबर उजाडेपर्यंत ई-पास लागे. दार उघडे आणि वाट बंद, अशा अवस्थेत हंगाम उलटला. कर्जाचे व्याज, विजेचा स्थिर आकार आणि राखणदाराचा पगार मात्र चालूच राहिला. ती मनाई मनुष्याच्या जिवासाठी होती आणि ती योग्यच होती असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि तिची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे.

ती मोजणाऱ्यांच्या साखळीत विश्रामगृहाचा मालक हा एक दुवा केवळ. सकाळी दुधाचे कॅन पोचविणारा गवळी, पाहुण्यांच्या भातासाठी आंबेमोहोर देणारा शेतकरी, चुलीवर भाकऱ्या थापण्यास आणि चादरी धुण्यास येणाऱ्या आसपासच्या वाड्यांतील बाया, घाटाच्या वळणावर निळी ताडपत्री ताणून, शेगडीवरचे कणीस उलटीत त्यास मीठ-तिखट-लिंबू चोळणारी म्हातारी, या सर्वांची मिळकत रोजची, आणि त्यांचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने पर्यटन मंत्रालयासाठी केलेल्या पाहणीत, टाळेबंदीच्या पहिल्या तिमाहीत देशात पर्यटनातील सुमारे १ कोटी ४५ लाख रोजगार गेल्याचे अनुमान निघाले. परदेशी प्रवासी २०१९ साली १ कोटी ९ लाखांवर आले होते, ते २०२० मध्ये २७ लाखांवर आणि पुढील वर्षी १५ लाखांवर उतरले.

पौडच्या बाजूस एक गोष्ट अनुकूल होती: येथले गिऱ्हाईक विमानाने येत नाही. निर्बंध सैल होताच, घरात कोंडलेले पुणेकर प्रथम याच रस्त्यास लागले. उलट ज्या मोठ्या हॉटेलांची भिस्त परदेशी पाहुण्यांवर होती, त्यांना नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २७ मार्च २०२२ पर्यंत थांबावे लागले. अर्थात मुळशीकरांचेही हे सावरणे अल्पकाळचे ठरले. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा सारे बंद पाडले.

सरकारने मदत केली नाही असे नाही. जून २०२१ मध्ये केंद्राने प्रवासी संस्थांना १० लाख आणि मार्गदर्शकांना १ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास हमी दिली. पण ती मान्यताप्राप्त संस्थांना आणि परवानाधारक मार्गदर्शकांना. कणसे भाजणाऱ्या म्हातारीस कर्जाची हमी नको होती, दोन महिन्यांचे धान्य आणि हातखर्च हवा होता, आणि पर्यटन व्यवसायात ती मोडते हे सांगणारा कागद तिच्यापाशी नव्हता. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतावर पाहुणे ठेवणाऱ्यास नोंदणीचा मार्ग खुला केला, हे स्वागतार्ह आहे. मात्र तो मार्ग जमीनधारकाचा. टपरीवाल्यांची, रोजंदारीच्या बायांची आणि जीपवाल्यांची यादी ग्रामपंचायतींकडून घेऊन ती पौडच्या तहसील कचेरीत दरसाल पावसाळ्यापूर्वी तयार ठेवणे, हे काम पुढची साथ येण्याआधीच होऊ शकते.