जन्मापुरता बर्फ

सील हा आयुष्याचा बहुतेक काळ पाण्यात घालवणारा, पण जन्मासाठी कोरड्या जागेला बांधलेला प्राणी आहे. भूचर मांसभक्षक पूर्वजांपासून फुटून अडीच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्राकडे वळलेल्या या प्राणिगटाचे पाय वल्ह्यांसारखे झाले, कातडीखाली चरबीचा जाड थर आला, रक्तात व स्नायूंत प्राणवायू साठवून तासभर पाण्याखाली राहण्याची शक्ती काही जातींनी मिळवली. परंतु देवमाशांनी जमिनीशी असलेला जो शेवटचा धागा तोडला तो सीलना तोडता आला नाही, आणि आजही प्रत्येक सीलची मादी पिल्लू देण्यासाठी व ते पाजण्यासाठी पाण्याबाहेर येते. उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांतील जातींना ही कोरडी जागा वाळूत वा खडकांवर मिळते. ध्रुवीय प्रदेशांतील बहुतेक जाती मात्र ती समुद्राच्याच गोठलेल्या पृष्ठभागावर, म्हणजे समुद्रबर्फावर, शोधतात. म्हणून बदलत्या हवामानाशी सील कसे जुळवून घेत आहेत या प्रश्नाचे दोन भाग पाडावे लागतात: सील काय खातो, कुठवर पोहतो आणि किती खोल बुडी मारतो हा एक, आणि सील कुठे जन्मतो हा दुसरा. पहिल्या भागाचे उत्तर बरेचसे आशादायक आहे, दुसऱ्याचे तसे नाही, आणि या दोहोंची गल्लत केल्यानेच ‘निसर्ग आपोआप जुळवून घेतो’ असे समाधान करून घेणे सोपे जाते.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहूनच निघाली होती, आणि देशाच्या ध्रुवीय संशोधनाची सूत्रे आजही गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. या केंद्राच्या देखरेखीखालील दोन ठाणी थेट सीलांच्या शेजारात आहेत: उत्तरेस स्वालबार द्वीपसमूहातील नी-ओलेसुंड येथे २००८ साली सुरू झालेले ‘हिमाद्री’, आणि दक्षिणेस लार्समन टेकड्यांमध्ये २०१२ साली उभे राहिलेले ‘भारती’. योगायोग असा की, सीलांच्या बदलत्या जीवनाचे अत्यंत बारकाईने नोंदले गेलेले एक प्रकरण हिमाद्रीच्या दारातल्या कोंग्सफ्योर्डमध्येच घडले आहे. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरून झालेली लांब, अरुंद खाडी. या खाडीत २०१४ सालच्या जुलै महिन्यात भारताने ‘इंडआर्क’ नावाची निरीक्षणसाखळी पाण्याखाली उतरवली, ती तेथील पाण्याचे तापमान व क्षारता वर्षभर मोजण्यासाठी. कारण अटलांटिकचे उबदार पाणी या खाडीत शिरण्याचे प्रमाण वाढले आहे.

या खाडीतील मूळ रहिवासी म्हणजे रिंग्ड सील, अंगावरील कड्यांसारख्या फिकट वलयांवरून नाव पडलेली आर्क्टिकमधील सर्वांत लहान सीलची जात. पुढच्या पायांच्या दणकट नख्यांनी बर्फ खरवडून हा सील हिवाळाभर श्वासाची भोके उघडी ठेवतो, आणि त्यांतल्या एखाद्या भोकावर वाऱ्याने साचलेल्या हिमाच्या ढिगात आतून पोखरून मादी गुहा तयार करते. एप्रिलच्या सुमारास पिल्लू याच गुहेत जन्मते. त्याच्या अंगावरचे पांढरे मऊ केस कोरडे असेपर्यंतच ऊब देतात, भिजले की निरुपयोगी होतात. शिवाय गुहेचे छत त्याला ध्रुवीय अस्वल, कोल्हा आणि मोठ्या गल पक्ष्यांपासून लपवते. म्हणजे या जातीला नुसता बर्फ पुरत नाही. बर्फ लवकर धरला पाहिजे, त्यावर पुरेसे हिम साचले पाहिजे आणि ते सहा आठवडे तरी टिकले पाहिजे. २००५-०६च्या हिवाळ्यापासून स्वालबारच्या पश्चिम किनाऱ्यावर ही साखळी तुटली. खाड्या गोठेनाशा झाल्या, गोठल्या तरी उशिरा, आणि तोवर हिमवर्षावाचा बराच भाग उघड्या पाण्यात पडून गेलेला असे. गुहा खणण्याइतका ढीग न मिळालेल्या माद्या उघड्या बर्फावर प्रसवू लागल्या आणि ती पिल्ले शिकाऱ्यांच्या तोंडी पडू लागली.

प्रौढ सीलांनी मात्र हार मानली नाही, आणि त्यांच्या वागण्यातील बदल हा या साऱ्या विषयातील सर्वांत बोलका पुरावा आहे. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेतील क्रिस्चन लिडरसन, किट कोव्हाक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फ घटण्यापूर्वी २००२-०३मध्ये आणि नंतर २०१०-१२मध्ये सीलांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून दोन्ही काळांची तुलना केली. नंतरच्या काळातील सील अधिक अंतर पोहत होते, अधिक वेळ पाण्याखाली राहत होते आणि बर्फावर कमी विश्रांती घेत होते. साध्या भाषेत, तेवढ्याच पोटासाठी त्यांना अधिक राबावे लागत होते. काही सील समुद्रात कोसळणाऱ्या हिमनद्यांच्या मुखाशी एकवटले, कारण तेथे हिमनदीखालून येणारे गोडे पाणी उसळून वर येताना सूक्ष्म जीवांना वर आणते व त्यांच्यामागे मासे येतात. काही ओहोटीच्या खडकांवर चढून विसावू लागले, जी सवय या जातीत तेथे पूर्वी आढळली नव्हती. हे सर्व खरोखरच जुळवून घेणे आहे. परंतु हिमनद्यांची मुखेही मागे सरकत जमिनीवर चढू लागली आहेत, तेव्हा हा आसरा उसनाच म्हणावा लागतो. त्याच किनाऱ्यावर मूळच्या दक्षिणेकडील हार्बर सीलना, ज्यांना पिल्लासाठी बर्फ लागतच नाही, उबदार पाणी मानवले आहे. एकाच खाडीत एकाची हानी आणि दुसऱ्याचा लाभ होत असल्यामुळे ‘सीलांवर परिणाम’ असे सरसकट बोलणे अभ्यासकाने टाळलेलेच बरे.

तुटत्या बर्फाशी झगडण्याची एक जुनी युक्ती आर्क्टिकच्या इतर जातींकडे आहे, ती म्हणजे घाई. कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात आणि ग्रीनलंड समुद्रात तरंगत्या बर्फाच्या तुकड्यांवर विणारी हार्प सीलची मादी पिल्लाला अवघे १२ दिवस पाजते. हूडेड सीलची मादी तर फक्त ४ दिवस, जो सस्तन प्राण्यांतील सर्वांत अल्प काळ आहे. तिच्या दुधात साठ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि त्या चार दिवसांत पिल्लाचे वजन जवळपास दुप्पट होते. हा बर्फ मुळातच अविश्वासू असल्यामुळे उत्क्रांतीने बाळंतपण इतके आखडते घेतले, असा याचा अर्थ लावला जातो. पण चार दिवसांचे तीन किंवा दोन करण्याला शरीराची मर्यादा आहे, आणि पाजणे संपल्यावरही पिल्लाला पोहण्याजोगे होईपर्यंत काही आठवडे बर्फ लागतोच. ग्रीनलंड समुद्रातील हूडेड सीलांची संख्या १९४०च्या दशकाच्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक घटली. २००७पासून तेथील व्यापारी शिकार थांबूनही ती सावरलेली नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीला ‘संकटग्रस्त’ वर्गात टाकले, आणि हार्प व दाढीवाल्या बियर्डेड सीलला ‘संकटसमीप’ ठरवले.

दक्षिणेकडील चित्र निराळे आहे, आणि त्याचे मूळ शिकाऱ्यांत आहे. अंटार्क्टिकात अस्वल नाही, कोल्हा नाही. म्हणून तेथील सीलना लपण्यासाठी गुहा लागत नाही आणि पिल्ले उघड्यावर निर्धास्त पडून असतात. भारती ठाण्याजवळच्या किनाऱ्याला घट्ट धरून राहिलेल्या बर्फावर वेडेल सील वितात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे महाराष्ट्रात दिवाळी असते त्या सुमारास. जगातील कोणत्याही सस्तन प्राण्यापेक्षा अधिक दक्षिणेस वस्ती करणारी ही जात श्वासाची भोके दातांनी घासून उघडी ठेवते, आणि झिजलेले दात हेच अनेकदा तिच्या आयुष्याची मर्यादा ठरवतात. तिची गणना नोव्हेंबर २०११च्या उपग्रहचित्रांवरून, तीन लाखांहून अधिक हौशी स्वयंसेवकांच्या मदतीने झाली व २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यात माद्यांची संख्या सुमारे २ लाख २ हजार निघाली, जी पूर्वीच्या ढोबळ अंदाजांपेक्षा पुष्कळच कमी होती. बर्फ घटणे हेच या जातीचे एकमेव संकट नाही. २००० सालानंतर रॉस समुद्रात प्रचंड हिमनग अडकून पडले, किनाऱ्याचा बर्फ वर्षानुवर्षे फुटला नाही, आणि १९६८पासून अभ्यासल्या जाणाऱ्या एरेबस उपसागरातील वसाहतीत पिल्लांची संख्या घसरली. सीलला हवा असतो तो ठरल्या वेळी येणारा आणि ठरल्या वेळी जाणारा बर्फ. २०१४मध्ये विक्रमी विस्तार गाठलेला अंटार्क्टिकाचा समुद्रबर्फ फेब्रुवारी २०२३मध्ये १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली, उपग्रह नोंदींच्या नीचांकावर गेला, आणि हे वेळापत्रकच आता डळमळले आहे.

अन्नाच्या बाजूने पाहिल्यास दक्षिण महासागराचा सारा डोलारा क्रिल या झिंग्यासारख्या बोटभर जीवावर उभा आहे, आणि क्रिलच्या पिल्लांना हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या बाजूवरील शेवाळ लागते. दक्षिण जॉर्जिया बेटाजवळच्या अंटार्क्टिक फर सीलांच्या बाबतीत याचे एक विलक्षण फळ दिसले. एकोणिसाव्या शतकातील कातडीच्या व्यापारातून जवळजवळ नामशेष होऊन पुन्हा वाढलेल्या या जातीचा अभ्यास जौमे फोर्काडा व जोसेफ हॉफमन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. क्रिल दुर्मीळ होत गेलेल्या दशकांत ज्या माद्या जगून आई झाल्या, त्यांच्यात आईकडून आणि बापाकडून आलेल्या जनुकांच्या जोड्या एकमेकींपासून अधिक भिन्न होत्या. येथवर हे नैसर्गिक निवडीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण वाटते. पण हा गुण वारशाने जसाच्या तसा उतरत नाही, कारण प्रत्येक पिल्लाच्या जोड्या नव्याने जुळतात. चाळणी दर पिढीला लागते, कमजोर दर पिढीला गळतात, आणि तरी पुढची पिढी अधिक सक्षम होऊन जन्मत नाही. निवड आहे, उत्क्रांती नाही: हवामानबदलाच्या साहित्यात इतके अस्वस्थ करणारे निष्कर्ष थोडेच असतील.

सीलांनी बदलत्या बर्फाला पूर्वी उत्तर दिलेले आहे, हेही खरे. रॉस समुद्राच्या किनाऱ्यावर, जिथे आज हत्ती सीलची एकही वीण नाही, तेथे त्यांच्या कातडीचे व केसांचे हजारो वर्षे जुने अवशेष सापडतात. जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी बर्फ हटून किनारा उघडा पडताच मॅक्वारी बेटावरचे हत्ती सील अडीच हजार किलोमीटर दूर येऊन तेथे वसले, भरभराटले, आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी बर्फ परतल्यावर ती वसाहत उठली. परंतु हत्ती सील किनाऱ्याच्या जमिनीवर विणारे. बर्फ हटणे ही त्यांच्यासाठी नवी वाट होती. बर्फावर विणाऱ्यांना उत्तरेत ध्रुवाच्या पलीकडे आणि दक्षिणेत खंडाच्या किनाऱ्यापलीकडे सरकायला जागाच उरत नाही.

हेच हत्ती सील आज मानवाला समुद्राचे भान देत आहेत. त्यांच्या डोक्यावर चिकटवलेली छोटी यंत्रे, जी वार्षिक केसगळतीबरोबर आपोआप सुटून पडतात, जहाजे हिवाळ्यात पोहोचू शकत नाहीत तेथील तापमान व क्षारता उपग्रहाला कळवतात. समुद्रतळाशी पसरणाऱ्या जड, थंड पाण्याचा एक उगम केप डार्नली येथे असल्याचे २०१३ साली सिद्ध झाले, त्यात सीलांच्या नोंदींचा मोठा वाटा होता. भारती ठाणे ज्या प्रिड्झ उपसागरावर आहे, तेथे वितळत्या हिमकड्यांचे गोडे पाणी या जड पाण्याच्या निर्मितीला अडसर ठरत असल्याचे २०१६ साली त्यांच्याच नोंदींनी दाखवले. ध्रुवीय पाण्याची ही उलथापालथ दूरवर पोहोचते. गोव्याच्या केंद्रातील व नॉर्वेतील संशोधकांनी २०२१मध्ये आर्क्टिकमधील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातील सप्टेंबरच्या अतिवृष्टीच्या घटना यांच्यात संबंध असू शकतो असे मांडले. भंडारा जिल्ह्यातील सिहोरा परिसरात सप्टेंबर म्हणजे बांध्यांमधला धान निसवण्याचा काळ. त्या वेळी कोसळणाऱ्या पावसाने काय होते हे बावनथडी आणि वैनगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

भंडारा जिल्ह्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी असल्याने, तलावात अडकलेल्या सीलची हकिकत येथील वाचकाला विशेष जवळची वाटावी. फिनलंडमधील सायमा सरोवरातील रिंग्ड सील हिमयुगाच्या अखेरीस जमीन वर उचलली जाऊन समुद्राशी संबंध तुटल्यावर, म्हणजे नऊ-दहा हजार वर्षांपासून, गोड्या पाण्यातच राहिला आहे. १९८०च्या दशकात तो दोनशेच्याही खाली गेला होता. आज पाचशेच्या घरात आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळी, गेट आणि कालव्यांची निगा राखून मालगुजारी तलाव जिवंत ठेवले, तशी काहीशी निगा तेथे सीलची राखली जाते. पिल्ले जाळ्यात गुदमरू नयेत म्हणून एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत त्याच्या क्षेत्रात जाळी लावण्यास मनाई असते; चढणीचे मासे धरले तर पुढच्या वर्षी तलाव रिता राहतो हे जाणणाऱ्या ढिवरांना त्यामागचा विचार समजेल. आणि २०१४पासून, हिम अपुरे पडलेल्या हिवाळ्यांत, स्वयंसेवक फावडी घेऊन गोठलेल्या सरोवरावर जातात व किनाऱ्यालगत हिमाचे ढीग रचतात, ज्यांत माद्या आतून गुहा खणतात. अशा हिवाळ्यांत बहुसंख्य पिल्ले या माणसांनी रचलेल्या ढिगांतच जन्मली आहेत. पण ढीग रचायलाही हिम लागते. ते अजिबात पडणार नाही अशा हिवाळ्यांसाठी तेथील विद्यापीठाने बर्फावर ठेवण्याची कृत्रिम घरटी तयार केली, त्यांना श्वासाच्या भोकाशी जुळणारे दार ठेवले आणि सरोवरावर मांडून वाट पाहिली. काही माद्यांनी त्या घरट्यांत पिल्ले दिली.