धसमुसळ्याच्या हातातले बदाम

टेबलावर पाच पानं उघडी आहेत: बदामचा राजा, बदामची अठ्ठी, किलवरची तिर्री, इस्पिकचा गुलाम, चौकटची दुर्री. तुमच्या हातात इस्पिकचा राजा आणि चौकटची दश्शी. पॉटमध्ये हजार जमलेत आणि समोरचा गडी आणखी हजार सरकवतो. टेक्सास होल्डेम पोकरमधला हा नेहमीचा पेच: राजांच्या जोडीवर कॉल करायचा, की पानं टाकायची?

हातातल्या पानांकडे कितीही टक लावून बघा, उत्तर सापडायचं नाही. ते समोरच्याच्या सवयीत दडलंय, आणि नवल म्हणजे ते मोजता येतं.

टेबलावर दोन बदाम आहेत, म्हणजे समोरचा फ्लशची, एकाच रंगाच्या पाच पानांची, वाट बघत असू शकतो. बदामची 13 पानं. दोन टेबलावर, उरली 11. त्यांतून दोन-दोन पानांचे 55 हात होतात. जपून खेळणारा त्यांतले मोजकेच ठेवतो, एक्क्यासोबतचे किंवा राणी-गुलामासारखे. बाकीचे पहिल्याच फेरीत टाकतो. धसमुसळा मात्र नव्वी-दुर्रीवरही पैसे लावतो. त्याच्याकडे 55 पैकी कुठलाही हात असू शकतो. फ्लशला लागणारं पाचवं बदाम आलंच नाही. त्यामुळे या 55 पैकी फक्त तीन हात तुम्हाला हरवतात: गुलाम-तिर्री, गुलाम-दुर्री, तिर्री-दुर्री. उरलेले 52 निव्वळ फुसके बार! एक्का-राजा किंवा तीन अठ्ठ्या असे खरे हातही त्याच्याकडे असतात, पण ते या गर्दीत हरवून जातात.

हजार घालून दोन हजार मिळणार असतील, तर तीनदा कॉल करून एकदा जिंकलं तरी बरोबरी होते. समजा तो निम्म्या वेळा ब्लफ करतोय. दहा कॉलमध्ये पाचदा 2000 मिळाले, पाचदा 1000 गेले. निव्वळ नफा 5000. जपून खेळणाऱ्यापुढे हीच पानं बिनदिक्कत टाकावीत.

आणि हे तर मला विलक्षण वाटतं: तुमची दश्शी चौकटची नसून बदामची असती, तर उरली असती 10 पानं आणि हात 45. एका पानाने समोरच्याचे दहा हात पुसून टाकले, तेही त्याला न कळता.

नवख्याला वाटतं, आरडाओरडा करणाऱ्यापुढे आपण जास्त जोरात ओरडावं. पण जो सहसा मागे हटत नाही, त्याच्यावर ब्लफ वाया जातो. ब्लफ कमी करा, सुरुवातीची पानं निवडून घ्या, भारी हात आला तरी अधूनमधून नुसतं चेक करून त्यालाच पैसे लावू द्या. एरवी टाकले असते असे मधले हात इथे कमावते होतात. चढउतार मात्र जबर येतात. गाठीला पैसा आणि धीर दोन्ही हवेत.

या डावपेचाला किंमतही आहे. तुम्ही सरसकट कॉल करताय हे ओळखून तो एके दिवशी फक्त खऱ्या पानांवर पैसे लावू लागला, तर मघाचा सगळा नफा उलटा वाहू लागतो. सवयींच्या मागे न लागताही जिंकता येतं. 2017 साली पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्रेटस हा प्रोग्रॅम चार व्यावसायिक खेळाडूंशी 1,20,000 डाव खेळला आणि 17 लाख डॉलरहून अधिक किमतीच्या चिप्सनी पुढे राहिला. त्याने कुणाच्याही सवयींचा पाठलाग केला नाही. खेळाडू दिवसभर त्याच्या खेळातल्या फटी हुडकत, आणि महासंगणकावर रात्री त्याच फटी बुजवण्याचं काम चाले.