जिनोआचा ठेचा

इटलीतल्या जिनोआ शहरात १८६३ साली 'ला कुचिनिएरा जेनोवेझे' नावाचं पाकपुस्तक निघालं. लेखक जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो. आज जगभर पेस्टो म्हणून विकल्या जाणाऱ्या हिरव्या चटणीच्या सर्वांत जुन्या छापील कृतींपैकी एक या पुस्तकात आहे, आणि पेस्टोच्या शुद्धतेसाठी भांडणाऱ्यांनी ती एकदा नीट वाचायला हवी. कारण तीत लोणी आहे. पार्मेझानच्या जोडीला चक्क डच चीज आहे. बेसिल मिळालं नाही तर मरवा आणि पार्सली घ्या, असंही रात्तोबुवा खुशाल सांगतात. मरवा म्हणजे आपल्याकडे गजऱ्यात फुलांच्या मधूनमधून गुंफतात तोच.

डच चीज इटलीत कशाला, असं वाटेल. पण जिनोआ हे बंदर. पाठीशी डोंगर, समोर समुद्र, गाईगुरांना चरायला सपाट कुरणं फारशी नाहीत. जहाजातून येईल आणि टिकेल ते चीज घरात असायचं. सार्डिनिया बेटावरचं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनोही असंच समुद्रावरून आलं आणि आजच्या 'अस्सल' कृतीत कायमचं बसलं. डच चीज मात्र मागे पडलं. अस्सल काय आणि उपरं काय, हे बंदरावरच्या गावात बरंचसं जहाजांच्या वेळापत्रकावर ठरतं, असं माझं मत होत चाललं आहे.

बदललं नाही ते क्रियापद. 'पेस्तारे' म्हणजे कुटणे, ठेचणे, त्यावरून पेस्तो. आपण 'पेस्टो' म्हणतो ते इंग्रजीच्या वाटेनं आलेलं. मिरच्या भाजून ठेचल्या की ठेचा. तिकडे पानं ठेचली की पेस्तो. दोन्ही पदार्थांच्या नावात जिनसांचा पत्ता नाही, हाताच्या कामाचा आहे.

हे कामही रात्तोच्या पुस्तकाहून फार जुनं. रोमन कवी व्हर्जिलच्या नावावर खपत आलेली 'मोरेतुम' ही एक लॅटिन कविता आहे. तीत एक गरीब शेतकरी पहाटे उठतो, दळतो, भाकर करतो, आणि तिच्याबरोबर खायला खलात लसूण, मीठ, कडक चीज आणि हिरवा पाला कुटतो. वरून तेल आणि व्हिनेगरचे थेंब. पाल्यात कोथिंबीर आहे, बेसिल नाही. मध्ययुगात जिनोआ ज्यात येतं त्या लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावर 'अल्याता' नावाची लसणाची चटणी होती. बेसिल या खलात शिरलं ते बरंच उशिरा.

आणि शिरलं ते आपल्या बाजूनं. बेसिल, म्हणजे ओसिमम बॅसिलिकम, ही उष्ण कटिबंधातल्या आशिया-आफ्रिकेची वनस्पती. फालुद्यात भिजून फुगलेला सब्जा घालतात, ते हिचंच बी. ज्या झाडाचं बी आपण खात आलो त्याच्या पानाकडे आपण स्वयंपाकघरात फारसं पाहिलं नाही, आणि तिकडे पानावर शहराची कीर्ती उभी राहिली. किराणा दुकानातला सब्जा कुंडीत पेरला तर रोप उगवतं, पण त्या पानांना बहुधा बडीशेपेच्या अंगानं जाणारा वास येतो. आपल्याकडच्या बऱ्याच जातींत मिथाइल शॅविकॉल हे द्रव्य जास्त असतं म्हणून. जिनोआच्या पानात लिनालूलचा फुलासारखा गंध पुढे असतो. तिथला माणूस पुदिन्याची छटा आली तरी पान नापास करतो.

हे पान पिकवणारं प्रसिद्ध गाव म्हणजे प्रा, जिनोआ शहराचाच पश्चिमेकडचा भाग. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी काचघरं, खाली समुद्र. रोप हातभर वाढू देत नाहीत. खऱ्या पानांच्या दोन-चार जोड्या आल्या की मुळासकट उपटतात आणि जुड्या बांधतात. पान लहान, फिकट हिरवं, होडीसारखं किंचित फुगीर. युरोपीय संघानं २००५ साली 'बाझिलिको जेनोवेझे'ला संरक्षित मूळस्थानाचा दर्जा दिला, त्यामुळे लिगुरियाबाहेर पिकलेल्या पानाला ते नाव लावता येत नाही. आपल्या हापूसच्या भौगोलिक मानांकनाची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना या भानगडीची चव निराळी सांगायला नको.

आता तुळस. 'बेसिल म्हणजे तुळसच ना, मग अंगणातली घेऊ' हे मी किमान चार घरांत ऐकलं आहे. दोघी एकाच कुळातल्या, पण आपली तुळस ही ओसिमम टेन्यूइफ्लोरम. तिच्यात युजेनॉल भरपूर, म्हणजे लवंगेचा ठसका. मूठभर तुळस वाटून पाहा, जीभ बधिर होते आणि तेल-चीज कुठल्या कुठे जातं. शिवाय जिचं पान नैवेद्यावर ठेवायचं, ती लसणाबरोबर कुटायला आपल्या घरांत हात धजत नाही. तिला यातून वगळूया.

माझा पहिला पेस्टो मिक्सरमध्ये झाला आणि काळपट झाला. चव कोमट पालकासारखी. कारण नंतर कळलं. पान चिरलं की त्यातलं एक विकर हवेतल्या प्राणवायूशी मिळून रंग काळवंडवतं, कापलेल्या वांग्याचं किंवा सफरचंदाचं होतं तसं. मिक्सरचं पातं पानाच्या चिंधड्या करतं, हवा कालवतं आणि वर उष्णताही देतं. खलात पान चिरडलं जातं. सुवासिक तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि रस लगेच मिठात आणि पुढे तेलात मुरतो. जिनोआचा खल संगमरवराचा, बहुधा करारा गावच्या खाणीतला, म्हणून थंड, बत्ता लाकडाचा. खलाला बाहेरून चार कान असतात. एका हातानं कान धरून खल एका दिशेनं फिरवायचा, दुसऱ्या हातानं बत्ता उलट दिशेनं घोटायचा. दणदण आदळायचं नाही. पाट्यावर वरवंटा ओढणाऱ्या बाईला ही हालचाल शिकवावी लागणार नाही.

वेलदोडे कुटायचा लोखंडी खलबत्ता इथे कामाचा नाही, आकारानंही आणि धातू म्हणूनही. आमच्या माळ्यावरून आजीचा दगडी खल उतरवला, त्यात तिखटाचा वास मुरलेला होता. तांदूळ आणि मीठ घालून तीनदा घोटून काढल्यावर तो वास गेला.

आज जिनोआत मान्य असलेलं प्रमाण साधारण असं: पानं ६० ते ७० ग्रॅम, पाइन नट्स ३० ग्रॅम, किसलेलं जुनं पार्मेझान ६० ग्रॅमच्या आसपास, सार्डिनियाचं पेकोरिनो २० ते ४० ग्रॅम, लसणाच्या एक-दोन पाकळ्या, जाडं मीठ, आणि ६० ते ८० मिलिलिटर ऑलिव्ह तेल. लसूण वेस्सालिको गावचा, मवाळ. आपला गावठी लसूण फार तिखट. एक छोटी पाकळी, मधला हिरवा कोंब काढून, पुरते. तेलही लिगुरियाचं गोडसर असतं. घशाला झोंबणारं ऑलिव्ह तेल घेतलंत तर पान हरतं.

पानं धुऊन पंचावर पूर्ण कोरडी करा. पाणी राहिलं तर सगळं चिघळतं. आधी लसूण आणि मिठाचे चार खडे, लोण्यासारखे होईतो. मग पानं थोडी थोडी, थोड्या मिठासह. खडे मीठच पानाला फाडतं. हिरवा रस सुटला की पाइन नट्स. मग चीज. तेल शेवटी, बारीक धारेनं. मिक्सरशिवाय गत्यंतर नसेल तर भांडं आणि पातं अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि थांबत थांबत फिरवा. बरं होतं. खलातल्यासारखं होत नाही.

पाइन नट्सना हिंदीत चिलगोजा म्हणतात, पण तो हिमाचलच्या किन्नौरमधला, जिनोआतल्यापेक्षा वेगळ्या पाइनचा, आणि भाव विचारल्यावर माणूस काजूकडे वळतो. वळू दे. युरोपातल्या दुकानांतल्या कित्येक बरण्यांच्या लेबलावरही काजूच असतो. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणून आपल्या किनाऱ्यावर लावलेलं हे बी इटालियन चटणीत उतरलं, तर वेंगुर्ल्याच्या माणसानं संकोचायचं कारण नाही. रात्तोनं डच चीज घातलं होतं. शेंगदाणे मात्र नकोत. त्यांचा वास सगळ्यांवर स्वार होतो.

चीजची अडचण वेगळी. पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. काटेकोर शाकाहारी घरांनी हे जाणून घ्यावं. वनस्पतिज वा सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटचं कडक, जुनं चीज शोधा. प्रोसेस्ड चीजची वडी घालू नका, चिकट लगदा होतो.

जिनोआत २००७पासून पालात्सो दुकाले या जुन्या राजवाड्यात पेस्टोची जागतिक स्पर्धा भरते. शंभर स्पर्धक, शंभर खल, सगळ्यांना तेच जिन्नस. एकदा ती कोरियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्वयंपाक करणाऱ्या डॅनी बोवियननं जिंकली. जिन्नस सारखेच असतील तर फरक मनगटाचा, हे त्या परीक्षकांनी तरी मान्य केलं. याच गावच्या विमानतळानं २०१७ साली प्रवाशांना अर्ध्या किलोपर्यंतची पेस्टोची बरणी हातातल्या सामानात न्यायची मुभा दिली, आजारी मुलांच्या विमानप्रवासासाठी छोटी देणगी देण्याच्या बोलीवर.

खाताना पेस्टो कढईत परतू नये, उष्णतेनं तो काळवंडतो. पास्ता उकडलेलं गरम पाणी चमचा-दोन चमचे घालून सैल करावा आणि आच बंद करून कालवावा. जिनोआत पास्त्याच्याच पातेल्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी शिजवतात. आम्ही उरलेला पेस्टो गरम ज्वारीच्या भाकरीला लावून खाल्ला, आणि पास्ता पुन्हा करावासा वाटला नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. वर तेलाचा थर दिला की टिकतं, हा लोणच्याचा हिशेब इथे लावू नका. लोणच्याला मीठ आणि आंबटपणा राखतो. इथे दोन्ही पुरेसे नाहीत, आणि तेलाखाली हवा नसलेल्या जागी कच्च्या लसणातून बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, वास न बदलता. ओट्यावर ठेवू नका. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांत संपवा. त्याहून जास्त झाला असेल तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि चीज वाढायच्या वेळी किसून घाला.